रनिंग रूममधून आलेली नमो मरिया

मी चर्चची सिस्टर नाही आणि धर्मशिक्षणाचा कुठला कोर्सही केलेला नाही. माहेर श्रीरामपूरकडचं, लहानपणापासून दर सप्टेंबरला हरेगावच्या मतमाऊलीला, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला, चालत जाणारी आमची माणसं, लग्न होऊन भुसावळला आले, मिस्टर रेल्वेत, दोन मुलं, आणि चर्चशी संबंध म्हणजे रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि नाताळात करंज्या करायला मदत एवढाच. २०२४ च्या मे महिन्यात मिस्सा झाल्यावर फादरांनी थांबवलं. पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा (मिस्सेत येशूचं शरीर म्हणून देतात ती भाकर मूल पहिल्यांदा घेतं, त्याच्या तयारीचा) वर्ग घेणाऱ्या टीचर मुलाकडे पुण्याला राहायला चालल्या होत्या, फादर म्हणाले जूनपासून तुम्ही घ्या. मी म्हटलं फादर मला येत नाही. ते म्हणाले, "तुम्हाला प्रार्थना येतात ना, मग पोरांच्या बरोबर तुम्हीपण शिका." बस एवढंच ट्रेनिंग.

चौदा मुलं होती, आठ ते दहा वर्षांची. आमचा धर्मग्राम, म्हणजे आमच्या चर्चची सगळी माणसं, कसा आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भुसावळ म्हणजे जंक्शन, इथे मूळचं असं कोणी कमीच, सगळे रेल्वेने आणलेले. कोणाचे आजोबा गोव्याहून फायरमन म्हणून आलेले, कोणाची आई केरळची नर्स, कोणी तामिळ, कोणी आमच्यासारखे नगरकडचे, काही वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले, काही दीपनगरच्या पॉवर स्टेशनचे, आणि एक कुटुंब थेट सातपुड्यातलं, धडगाव भागातलं, वडील रावेरकडे केळीच्या बागेत राखणीला. पोरं शाळेत इंग्लिश, गल्लीत खान्देशी, घरात प्रत्येकाची वेगळी भाषा. एकाला "अवर फादर" येतं पण "हे आमच्या स्वर्गातील पित्या" येत नाही, दुसऱ्याचं बरोबर उलट.

पहिले दोन महिने तर बाप्तिस्म्याचे दाखले गोळा करण्यात गेले. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर आधी बाप्तिस्मा झालेला पाहिजे, त्याचा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चमधून आणायचा. आता बदलीवाल्या लोकांची मुलं, एकाचा नागपूरला, एकाचा कोट्टायमला, एकीचा श्रीरामपूरला. एका चर्चच्या ऑफिसने आम्हाला तीन महिने नुसतं उद्या या परवा या केलं, शेवटी मुलीचे आजोबा स्वतः बसने गेले आणि रजिस्टर उघडायला लावलं. त्या निमित्ताने सासूबाईंनी त्यांच्या लग्नाचा जुना कागद काढून दाखवला, त्यावर पुणे धर्मप्रांत (एका बिशपांच्या हाताखालचा चर्चचा विभाग) लिहिलेलं. म्हणजे नाशिक धर्मप्रांत १९८७ ला वेगळा झाला त्याच्या आधीचा तो कागद. मुलांना तो फार आवडला, हात लावू का टीचर, हात लावू का टीचर चाललं होतं.

शिकवायला मी सुरुवात केली ती मला जशी शिकवली तशीच. पाठ करून या, म्हणून दाखवा, आलं की वहीत टिक. सात संस्कार कोणते, दहा आज्ञा कोणत्या. पोरं हुशार, धडाधड म्हणायची आणि मला वाटायचं छान चाललंय. ऑगस्टमध्ये एका रविवारी एका मुलाला पश्चात्तापाची प्रार्थना येईना, तिसरा रविवार होता त्याचा, आणि मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं की तुला एकट्यालाच कसं येत नाही, घरी कोणी घेत नाही का? तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या रविवारी मी वर्ग संपवून सरळ त्याच्या क्वार्टरवर गेले. दुपारची वेळ, बाहेर ऊन पाऊस दोन्ही चाललेलं. दार त्यानेच उघडलं आणि मला बघून मागे सरकला, ते मागे सरकणं मी अजून विसरलेली नाही. वडील लोको पायलट आहेत, नेमके ड्युटीवर निघालेले, बॅग भरून दाराशी बूट बांधत होते. आई हॉस्पिटलमध्ये नर्स, त्या आठवड्यात नाइट, आत झोपलेली. वडील अगदी सभ्यपणे म्हणाले, "टीचर, तुम्ही त्याला विचारलं ना घरी कोणी घेत नाही का. खरं आहे, नाही घेत कोणी. मी आज इथून गाडी घेऊन खंडव्याला जाईन, तिथे ड्रायव्हरांच्या रनिंग रूममध्ये रेस्ट, मग उद्या कधी परतीची गाडी मिळेल तेव्हा. ही रात्री जाते, सकाळी येते. तुम्ही कागदावर लिहून पाठवलं होतं की रोज रात्री आठ वाजता सगळ्या कुटुंबाने एकत्र प्रार्थना करावी. आम्ही तिघं आठवड्यातून आठ वाजता कधी एकत्र असतो सांगा."

तो कागद मी मोठ्या उत्साहाने झेरॉक्स काढून वाटला होता. मला त्या दारात उभं राहून खूप लाज वाटली. मी आधी मुलाला सॉरी म्हटलं, त्याच्या वडलांसमोर म्हटलं कारण ओरडले सगळ्यांसमोर होते, आणि पुढच्या रविवारी वर्गातही म्हटलं. मग सहज तोंडातून निघालं की तुम्ही खंडव्याला रनिंग रूममध्ये पोचल्यावर फोन करता ना घरी, तेव्हा एक नमो मरिया, ती मरियामातेची छोटी प्रार्थना, म्हणा दोघं, एकच. गाडीवर असताना फोन बंदच ठेवावा लागतो, पण रनिंग रूममध्ये तर मोकळे असता. ते हसले, बघतो म्हणाले आणि गेले.

आठ दिवसांनी मुलगा वर्गात आला, मान खाली, पण आला. म्हणाला पप्पा रोज फोन करतात, पण टाइम रोज वेगळा असतो, काल सकाळी साडेपाचला केला. मी विचारलं मग तू उठलास? "हो, मी फोन उशीजवळ घेऊनच झोपतो." त्याच फोनवर महिन्याभरात ती पश्चात्तापाची प्रार्थना पूर्ण पाठ झाली, कारण वडलांनाही ती अर्धीच आठवत होती आणि दोघं मिळून पुस्तकातून म्हणत होते.

त्यानंतर मी आठ वाजताचा नियम सोडून दिला. पालकांची मीटिंग घेतली, पण चर्चच्या हॉलमध्ये बोलावलं की निम्मे येत नाहीत म्हणून मीच घरोघरी गेले, कधी सिस्टर बरोबर, कधी एकटी. प्रत्येक घरी एकच विचारायचं, तुमच्या दिवसात अशी कोणती पाच मिनिटं आहेत जेव्हा मूल आणि तुमच्यापैकी एकजण जागे असता. दीपनगरवाल्यांची शिफ्ट बदलते तर त्यांनी आजीला नेमलं, आजी अंगणात तुळशीएवढ्या छोट्या चौथऱ्यावर मरियामातेची मूर्ती ठेवून बसते, नात शाळेतून आली की आधी तिथे. केळीच्या बागेतल्या वडलांनी सांगितलं की पोरगी पहाटे माझ्याबरोबर पाणी द्यायला येते, तेव्हा आम्ही चालता चालता म्हणू, आमच्या पावरी भाषेत म्हटलं तर चालेल का? मी म्हटलं का नाही चालणार.

१९९२ साली कॅथलिक चर्चने जो मोठा धर्मशिक्षणग्रंथ काढला त्यात स्पष्ट आहे की मुलांच्या श्रद्धेची पहिली जबाबदारी आईवडलांची, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर घराला छोटं चर्चच म्हटलंय. हे फादरांनी मला वाचून दाखवलं. मी एवढंच म्हटलं की फादर, मग त्या छोट्या चर्चचं टाइमटेबलसुद्धा त्या घरालाच ठरवू दे.

एका घरात मला खरंच काय बोलावं कळलं नव्हतं. वडील कॅथलिक, आई लेवा पाटील घरातली, हिंदू. मुलाचा बाप्तिस्मा झालेला, वडलांना चर्चची फारशी आवड नाही, आणि दर रविवारी मुलाला घेऊन येणारी कोण तर ही आई. शेवटच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसायची. मला म्हणाली, "टीचर, त्याचं पाठ घ्यायला मला तं काही येत नाही, मी काय करू?" मी म्हटलं तुम्ही ऐका फक्त, तो म्हणेल तुम्ही पुस्तकात बघा चुकतो का. भाकरी करताना ओट्यावर पुस्तक उघडं ठेवायची म्हणे, तो खाली पाटावर बसून म्हणायचा. ते पुस्तक नंतर मी पाहिलं, कळण्याच्या पिठाची बोटं उमटलेली पानापानावर. माझ्या वर्गात सगळ्यात कमी चुकणारा तोच मुलगा होता.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, रोज एका क्वार्टरमध्ये संध्याकाळी. माळेत पाच दशकं, म्हणजे दहा-दहा नमो मरियांचे पाच गट असतात, आम्ही प्रत्येक दशक वेगळ्या भाषेत घेतलं, एक मराठी, एक कोंकणी, एक मल्याळम, एक तामिळ, एक हिंदी, आणि ज्या घरी असू त्या घरच्या म्हाताऱ्या माणसाने पुढे म्हणायचं. पोरांना पहिल्यांदा कळलं की आपली आजी जे पुटपुटते ती तीच प्रार्थना आहे. शेजारीपाजारी नवरात्र चाललेलं, गरब्याचा आवाज आत यायचा, शेजारच्या काकू आमची माळ झाली की पोरांना साबुदाण्याची खिचडी द्यायच्या.

नोव्हेंबरात मी भाकरीचा वर्ग घेतला. ख्रिस्तप्रसादाची होस्ती, ती पातळ गोल चकती, कशाची असते विचारलं तर एकाने सांगितलं थर्माकोल. मग घरून गव्हाचं पीठ, पाणी, तवा आणि छोटा गॅस घेऊन गेले. नियम असा की फक्त गहू आणि पाणी, खमीर नाही, दुसरं काही नाही. मुलांनीच मळलं, पातळ लाटलं, भाजलं आणि खाल्लं. "टीचर, याला चवच नाही." मी म्हटलं हो नाही, कारण येशूने जेवणातली सगळ्यात साधी गोष्ट उचलली, श्रीखंड नाही उचललं, जी रोज प्रत्येकाच्या ताटात असते ती भाकर उचलली आणि हे माझं शरीर आहे म्हणाला. ती शांतता मला आधी कधी वर्गात मिळाली नव्हती. मग त्यांना चर्चमध्ये नेलं, वेदीमागची ख्रिस्तप्रसाद ठेवायची सोनेरी पेटी दाखवली, तिच्याजवळचा लाल दिवा दाखवला. पाच महिने सात संस्कार पाठ म्हणणाऱ्या माझ्या वर्गातल्या एकालाही तो दिवा का जळतो हे माहीत नव्हतं, आणि चूक माझीच. येशू घरात आहे म्हणून दिवा चालू आहे, एवढं सांगितलं. तेव्हापासून पोरं चर्चमध्ये शिरल्याबरोबर आधी दिवा बघतात आणि मग गुडघा टेकतात.

एका आजीबाईंना सारखं वाटायचं की एवढ्या लहान वयात कशाला, समजतं का त्यांना. सिस्टरने सांगितलं की पूर्वी बारा-चौदा वर्षांपर्यंत थांबवायचे, १९१० साली पोप दहावे पायस यांनीच सांगितलं की सातव्या वर्षाच्या आसपास मुलाला साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यातला फरक कळला की पुरे. आजी म्हणाल्या, मग माझ्या नातवाला कळतो, त्याला मी विचारून बघितलंय.

नाताळ धामधुमीत गेला. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला सगळे मिळून गेलो, सकाळची गाडी, डब्यात शेव आणि भरताचे डबे. त्या प्रवासात मी मुलांना कार्लो अकुतिसची गोष्ट सांगितली. इटलीचा मुलगा, कॉम्प्युटरवेडा, जीन्स आणि स्पोर्ट शूज घालणारा, सात वर्षांचा असताना पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला, ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची वेबसाइट बनवली, आणि २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने गेला. तो म्हणायचा ख्रिस्तप्रसाद म्हणजे स्वर्गात जायचा माझा हायवे. आमच्यातला एक लगेच म्हणाला, "हायवे नाही टीचर, मेन लाइन." आणि मग सगळ्यांना कळलं की पोप फ्रान्सिस कार्लोला संत जाहीर करणार ती तारीख २७ एप्रिल, आणि आमच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तारीखही २७ एप्रिल, ईस्टरनंतरचा रविवार. डब्यात नुसता दंगा. तेव्हापासून कार्लो आमच्या वर्गाचा पंधरावा मुलगा झाला.

ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी क्रूसाची वाट, येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना. चौदा स्थानं, आमची मुलं चौदा, प्रत्येकाला एक. पण मुलांच्या मनात खरी भीती होती ती पापनिवेदनाची, म्हणजे फादरांना एकट्यात आपली पापं सांगण्याची. फादर पप्पांना सांगतील का, हा प्रश्न मला निदान दहा वेळा आला. फादर स्वतः वर्गात आले आणि म्हणाले की मी कोणालाही सांगू शकत नाही, तुझ्या पप्पांना नाही, पोलिसांना नाही, बिशपांनाही नाही, मला मारून टाकलं तरी नाही. एक मुलगी खूप वेळ फादरांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, बरं. मी घरी एक काम दिलं होतं, फादरांकडे जायच्या आधी घरात ज्याचं मन दुखावलं त्याला सॉरी म्हणून या. आणि आईवडलांना निरोप पाठवला की तुम्हीपण म्हणा, मुलाला म्हणा.

ईस्टर २० एप्रिलला झाला. दुसऱ्या दिवशी सोमवारी दुपारी बातमी आली की पोप फ्रान्सिस गेले. आदल्याच दिवशी गॅलरीत येऊन आशीर्वाद देताना मुलांनी टीव्हीवर पाहिलेलं. माझा फोन वाजायला लागला, टीचर, आता आपलं कॅन्सल का? आपलं कॅन्सल नव्हतं, पण कार्लोला संत जाहीर करणं पुढे ढकललं गेलं. दोन मुली रडल्या. मी त्यांना समजवायला गेले पण माझेच डोळे भरले होते.

शनिवारी २६ तारखेला सकाळी पापनिवेदन होतं. मुलं ओळीत बसलेली, एकेक जात होतं आणि येताना चेहरा असा मोकळा की आईच्या अंगावर उडी मारत होती. सगळ्यात शेवटी लोको पायलटचा मुलगा गेला, आला, वडलांजवळ बसला आणि काहीतरी कानात बोलला. वडील थोडा वेळ तसेच बसले. मग उठले आणि ओळीत, म्हणजे आता ओळ नव्हतीच, रिकाम्या जागेत एकटे जाऊन उभे राहिले. त्यांनीच नंतर सांगितलं म्हणून लिहिते, बारा वर्षांनी गेले होते. पोराने विचारलं होतं, पप्पा तुम्ही मला सॉरी म्हणालात, मग येशूला कधी म्हणणार? त्यांच्यामागे आणखी तीन वडील आणि एक आजोबा उठले. फादरांना जेवायला दुपारचा एक वाजला.

दीड वाजता हॉलमध्ये टीव्ही लावला, दोन कूलर लावले तरी घाम, आणि मुलांनी पोप फ्रान्सिस यांचा अंत्यविधी पाहिला. साधी लाकडी शवपेटी बघून एकाने विचारलं एवढ्या मोठ्या माणसाची अशी का? थडग्यावर फक्त "फ्रान्सिस्कुस" एवढंच लिहायला त्यांनी सांगून ठेवलं होतं हे सांगितलं, तर वर्गातल्या सगळ्यात मस्तीखोर पोराने वहीत आपलं नुसतं नाव लिहिलं, आडनाव न लावता.

रविवारची मिस्सा उन्हामुळे सकाळी सातला ठेवलेली. ख्रिस्तप्रसादाच्या आधी तासभर काही खायचं नाही, पाणी चालतं, मी बाटल्या घेऊनच उभी होते. त्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला उतारा, दरवर्षी थॉमसचं असतं, जखमांना बोट लावल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही म्हणणारा थॉमस, आणि मग माझा प्रभू, माझा देव. लोको पायलट पप्पा रात्री पुन्हा ड्युटीवर गेले होते. मुलगा सारखा मागे वळून बघत होता. अर्पणाच्या गाण्याच्या वेळी ते आले, युनिफॉर्ममध्येच, बॅग हातात, दाराजवळ उभे राहिले. मुलाने मग मागे पाहिलं नाही.

ज्याची आई हिंदू आहे तो मुलगा ख्रिस्तप्रसाद घेऊन आला, आणि त्याच्या मागून आई हात छातीवर घडी करून फक्त आशीर्वादासाठी फादरांपर्यंत गेली. नंतर त्याने मला विचारलं, मम्मीला का नाही दिलं? मी खोटं काही सांगितलं नाही. ख्रिस्तप्रसाद घेणं म्हणजे मी या सगळ्यावर विश्वास ठेवते असं सगळ्यांसमोर म्हणणं, त्याच्या आधी बाप्तिस्मा असतो, मम्मीने तसं ठरवलेलं नाही आणि तिच्यावर कोणी जबरदस्ती करणार नाही. पण तुला इथपर्यंत कोणी आणलं हे येशूला नीट माहीत आहे. आई बाजूलाच उभी होती. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं, म्हणाली, "चल, घरी पुरण घातलंय."

मिस्सा संपल्यावर लोको पायलटचा मुलगा माझ्याकडे धावत आला. मला वाटलं पप्पा आले ते सांगायला. तर म्हणाला, "टीचर, आज फादरांनी मोठ्या प्रार्थनेत पोपचं नाव नाही घेतलं. विसरले का?" विसरले नव्हते. पोप नसताना ती जागा रिकामी सोडतात. एवढ्या गर्दीत, नवीन कपड्यांत, त्या लांब प्रार्थनेत हे पोरगं एकेक शब्द ऐकत होतं.

८ मेच्या रात्री नवे पोप निवडल्याचा पांढरा धूर निघाला. ११ तारखेच्या रविवारी फादरांनी त्या जागी "आमचे पोप लिओ" म्हटलं, आणि तिसऱ्या बाकावरून तो वळला, मला शोधलं आणि मान हलवली.

कार्लोला संत जाहीर केलं ७ सप्टेंबरला. माझा नवा वर्ग सुरू झाला होता, अकरा मुलं. जुनी चौदाही टीव्हीसमोर हजर. रात्री त्या मुलाच्या वडलांचा मला फोन आला, खंडव्याहूनच, म्हणाले आज थकून झोपलो होतो टीचर, शेजारच्या खाटेवरचे ठाकूरसाहेब, तेपण ड्रायव्हर, त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि मला हलवून उठवलं, "उठ, तेरे बेटे के फोन का टाइम हो गया."